न मागितलेलीं वर्षें

लहानानें वांकून नमस्कार केला म्हणजे वडील माणसाच्या तोंडून ‘शतायुषी हो’ हे शब्द आपोआप बाहेर पडतात. हा आशीर्वाद इतका अंगवळणीं पडलेला आहे कीं, तो शब्दशः खरा झाला तर काय होईल, हा विचार देणाराच्याही मनांत येत नाहीं व घेणाराच्याही येत नाहीं. शंभर हा आंकडा बोलणाराच्या दृष्टीनें ‘पुष्कळ’ ह्या शब्दाचा एक भारदस्त पर्याय असतो, एवढेंच. परंतु क्वचित् एखाद्याच्या वांट्यास तीं शंभर वर्षें खरोखरच येतात, आणि तीं संपल्यावर आणखी अठरा वर्षें त्यांच्या पाठोपाठ चालत येतात. त्या अठरा वर्षांचें करावयाचें काय? तीं बक्षीस म्हणून मिळालीं, शिक्षा म्हणून मिळालीं, कीं हिशेब चुकून पदरांत पडलीं? हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. फ्रान्समधील एका धर्मभगिनीच्या आयुष्यानें तो आपल्यापुढें मांडला आहे, आणि प्रस्तुत लेखांत त्याचाच थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

ह्या बाईंचें जन्मनांव ल्युसील राँदाँ. जगास त्या सिस्टर आंद्रे ह्या नांवानें माहीत झाल्या. दक्षिण फ्रान्समधील आलेस ह्या गांवीं ११ फेब्रुवारी १९०४ रोजीं एका प्रॉटेस्टंट कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. त्यांच्याबरोबर लीदी नांवाची एक जुळी बहीणही जन्मास आली होती. ती दोन वर्षांची होण्यापूर्वींच वारली. बाराव्या वर्षीं ल्युसील मार्सेय शहरीं एका घरीं मुलें सांभाळण्याच्या कामास लागल्या, व पुढें पॅरिसच्या बाजूस श्रीमंत घराण्यांतून मुलांची शिक्षिका म्हणून त्यांनीं कित्येक वर्षें नोकरी केली. पहिलें महायुद्ध संपून आपले दोन भाऊ जिवंत परत आले, ही आपल्या आयुष्यांतील सर्वांत सुखाची आठवण, असें त्या शंभरी उलटल्यावरही सांगत. तारुण्यांत त्यांनीं कॅथलिक पंथ स्वीकारला, आणि चाळिशी गांठल्यावर, १९४४ सालीं, ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ ह्या संघांत प्रवेश केला. धर्मजीवनांत त्यांनीं घेतलेलें आंद्रे हें नांव त्यांच्या वडील भावाचें होतें. महायुद्धानंतर व्हीशी येथील रुग्णालयांत सुमारे तीन दशकें त्यांनीं वृद्धांची व अनाथ मुलांची सेवा केली. २००९ सालीं त्या तुलाँ ह्या बंदराच्या गांवीं सेंट कॅथरिन लाबूरे ह्यांच्या नांवाच्या वृद्धाश्रमांत राहावयास आल्या, आणि तेथेंच १७ जानेवारी २०२३ रोजीं झोपेंत त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय ११८ वर्षें ३४० दिवस होतें. जपानमधील काने तानाका ह्या १९ एप्रिल २०२२ रोजीं वारल्या, तेव्हांपासून पृथ्वीवरील हयात माणसांत ज्यांचें वय निश्चित माहीत आहे त्यांमध्यें सर्वांत वडील माणूस असा सिस्टर आंद्रे ह्यांचा लौकिक होता.

ह्या लौकिकामुळें वृत्तपत्रांचे प्रतिनिधी त्यांच्याकडे वारंवार येत, आणि येणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारी: एवढ्या आयुष्याचें रहस्य काय? त्यांच्या आहारांत चॉकोलेट असे, रोज एक पेला मद्य असे, ह्या गोष्टी जगभर छापून आल्या. जानेवारी २०२१ मध्यें त्यांच्या वृद्धाश्रमांत कोव्हिडची सांथ शिरली. ८८ रहिवाशांपैकीं ८१ जणांस लागण झाली, त्यांतील कित्येक दगावले, आणि ११७ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या ह्या बाईंस मात्र आपणांस रोग झाला आहे ह्याचा पत्ताही लागला नाहीं. ही हकीकतही कौतुकानें सांगितली गेली. परंतु ह्या सर्व कौतुकाच्या आड एक गोष्ट होती, व ती सिस्टर आंद्रे ह्यांनीं कधीं लपविली नाहीं. त्यांस दिसत नव्हतें. त्या चाकांच्या खुर्चींत बसून असत. दिवसभर कांहीं न करतां बसून राहणें त्यांस दुःसह होई. आपण आतां स्वर्गांत असतों तर बरें झालें असतें, पण देव आपलें ऐकत नाहीं, अशा अर्थाचें त्या मोकळेपणानें बोलून दाखवीत. ज्या गोष्टीबद्दल सारें जग त्यांचें अभिनंदन करीत होतें, तिच्यांतून सुटका व्हावी हीच त्यांची प्रार्थना होती.

दीर्घायुष्य हें सदाचरणाचें फळ होय, अशी एक समजूत सर्वच धर्मांच्या लोकांत आढळते. सात्त्विक आहार, नियमित प्रार्थना, निर्वैर मन, निःस्वार्थ सेवा. मग आयुष्य लांबलें तर त्यांत नवल तें काय? ही समजूत ऐकावयास गोड आहे, पण ती न्यायाची नाहीं. त्याच फ्रान्स देशांत लिझ्यू येथील मठांतील सेंट तेरेझ ही जोगीण १८९७ सालीं क्षयानें वारली, तेव्हां ती अवघी २४ वर्षांची होती. कॅथलिक जगांत तिचें स्थान किती उंच आहे हें सांगावयास नको. आणि दूर कशाला, त्याच उदरांतून त्याच दिवशीं जन्मलेल्या लीदीनें कोणतें पाप केलें होतें? दीर्घायुष्य हें बक्षीस मानलें कीं अल्पायुष्य ही आपोआप शिक्षा ठरते, आणि मग प्रत्येक पाळण्याजवळच्या मृत्यूसाठीं त्या बालकास किंवा त्याच्या आईस जबाबदार धरावें लागतें. असा हिशेब ठेवणाऱ्या देवावर सिस्टर आंद्रे ह्यांची श्रद्धा असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

बक्षिसाची कल्पना टाकून कारणांचा शोध घेऊं लागलें म्हणजे शास्त्राकडे वळावें लागतें. धर्मभगिनींचें आयुष्य हा शास्त्रज्ञांच्या दृष्टीनें फार सोईचा विषय आहे. कारण त्यांचें अन्न, निवारा, दिनक्रम व वैद्यकीय उपचार हीं जवळजवळ सारखीं असतात. अमेरिकेंत डेव्हिड स्नोडन ह्यांनीं १९८६ सालीं सुरू केलेल्या संशोधनांत ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ ह्या संघांतील ६७८ वृद्ध भगिनींनीं भाग घेतला, आणि मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठीं देण्यास त्या सर्वांनीं संमति दिली. त्यांतील १८० जणींनीं तरुणपणीं, सरासरी बाविसाव्या वर्षीं, लिहिलेलीं छोटीं आत्मचरित्रें मठांच्या दप्तरांत जपून ठेवलेलीं होतीं. तीं तपासून २००१ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, ज्यांच्या लिखाणांत आनंदाचे व कृतज्ञतेचे उद्गार अधिक होते, त्या इतरांपेक्षां कित्येक वर्षें अधिक जगल्या. मार्क लुई ह्यांनीं बव्हेरियांतील मठांच्या नोंदी तपासल्या. बाहेरच्या जगांत स्त्रिया पुरुषांपेक्षां बऱ्याच अधिक जगतात. मठांत मात्र हें अंतर सुमारें एक वर्षावर येतें, आणि तें येतें तें मुख्यतः तेथील पुरुषांचें आयुष्य वाढल्यामुळें, असें त्यांस आढळलें.

हीं संशोधनें मोलाचीं आहेत. नियमित व निर्धास्त जीवनाचा समुदायावर काय परिणाम होतो, हें त्यांवरून कळतें. पण समुदायाचा नियम एका व्यक्तीस लावूं गेलें कीं तो निसटतो. ब्राझीलमधील सिस्टर इना कानाबारो ह्या ८ जून १९०८ रोजीं जन्मल्या व ३० एप्रिल २०२५ रोजीं ११६ वर्षांच्या होऊन वारल्या. त्यांनीं जन्मभर शिक्षिकेचें काम केलें. लहानपणीं त्या इतक्या कृश होत्या कीं ही मुलगी जगेल असें पुष्कळांस वाटलें नव्हतें. कारणें कितीही सांपडलीं तरी, ‘मलाच कां?’ ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांत नसतें. आणि ‘ह्या वर्षांचें मी काय करूं?’ ह्या प्रश्नाचें तर मुळींच नसतें. तो नीतीचा प्रश्न आहे.

सिस्टर आंद्रे ह्यांनीं स्वतः जें उत्तर दिलें तें कामाचें होतें. काम माणसाला मारतें असें लोक म्हणतात, आपणांस मात्र कामानेंच जगविलें, व एकशे आठव्या वर्षापर्यंत आपण काम करीत होतों, असें त्यांनीं सांगितलें. हें उत्तर आपल्या कानांस परकें वाटणार नाहीं. शंभर वर्षें जगण्याची इच्छा धरावी, पण ती कर्मे करीत करीतच धरावी, असें ईशावास्योपनिषदानेंही सांगितलें आहे. ह्या बाई ज्या संघांतल्या, त्या संघाची तर घडणच कर्माच्या पायावर झालेली आहे. व्हिन्सेंट द पॉल व लुईज द मारियाक ह्यांनीं १६३३ सालीं पॅरिसमध्यें तो स्थापन केला तेव्हां धर्माला वाहून घेतलेल्या स्त्रियांनीं भिंतीआड राहावें असा दंडक होता. ह्या दोघांनीं तो मोडून आपल्या भगिनींस रोग्यांच्या घरीं, रस्त्यांवर व रुग्णालयांत पाठविलें. त्यांचा मठ म्हणजे दुखणाइताची खोली. ज्या कॅथरिन लाबूरे ह्यांचें नांव तुलाँच्या वृद्धाश्रमास दिलेलें आहे, त्या ह्याच संघांतल्या. त्यांनींही चाळिसांहून अधिक वर्षें पॅरिसमधील एका आश्रमांत म्हाताऱ्यांची शुश्रूषा केली.

परंतु कर्म हेंच आयुष्याचें मोल असें एकदां ठरविलें, म्हणजे कर्म थांबल्यावर काय उरतें? एकशे आठव्या वर्षीं हात थांबले. पुढें दहा वर्षें श्वास चालूच राहिला. काम हीच किंमत मानली तर हीं दहा वर्षें शून्य ठरतात. त्या मानी व कष्टाळू बाईंस तीं तशीं वाटलींही असावींत. येथें ह्या आयुष्यांतील खरा पेंच आहे. ज्यांच्या हातून कांहीं होत नाहीं अशा माणसांजवळ त्यांनीं आपलीं उत्तम वर्षें घालविलीं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचें तोंड पुसतांना, कोणाचें कोणी नाहीं अशा पोरास भरवितांना, त्यांनीं आपल्या हातांनीं एकच सिद्धांत पुन्हां पुन्हां मांडला होता: माणूस उपयोगी पडत नाहीं म्हणून त्याची किंमत कमी होत नाहीं. तो सिद्धांत स्वतःस लावण्याची वेळ आली तेव्हां मात्र त्यांस तो जड गेला.

ह्यांत त्यांची विसंगति दाखविण्याचा हेतु नाहीं. ही अडचण सर्व सेवाधर्माच्या मुळाशींच आहे. देणाऱ्याचा हात वर असतो. तो कितीही नम्र असला तरी कोठें जावयाचें, कोणाला उचलावयाचें, केव्हां थांबावयाचें, हें तो ठरवितो. घेणाऱ्याला कांहींच ठरवितां येत नाहीं. दुसऱ्यानें उठविलें म्हणजे उठावयाचें, दुसऱ्यास सवड होईल तेव्हां न्हावयाचें. दानाची स्तुति करणारे ग्रंथ अगणित आहेत. घेण्याचें शास्त्र कोणी लिहिलेलें नाहीं. आणि तरीही फार जगलेल्या प्रत्येकाला शेवटीं तेंच शास्त्र शिकावें लागतें, तेंही शिकण्याची शक्ति ओसरल्यावर. ज्यानें आयुष्यभर मागून घेतलें त्याला तें सोपें जातें; ज्यानें आयुष्यभर दिलें त्याच्या वांट्याला मात्र हा धडा अधिक कठीण येतो.

कोणी असें म्हणेल कीं, परावलंबी म्हातारा दुसऱ्याला सेवेची संधि देतो, म्हणून त्याचें जगणें सार्थ आहे. हा युक्तिवाद धर्मोपदेशकांच्या तोंडीं वारंवार येतो, व तो आम्हांस पटत नाहीं. एका माणसाचें पुण्य वाढावें म्हणून दुसऱ्यानें अंथरुणावर पडून राहावें, असें म्हणणें म्हणजे त्या दुसऱ्याला साधन करणें होय. शिवाय ह्या युक्तिवादांत उपयोगाचें मापच मागील दारानें परत येतें. म्हातारा आतां निदान दुसऱ्याच्या पुण्यासाठीं तरी उपयोगी पडतो, असेंच त्यांत म्हटलेलें असतें. तें मापच नको, हें तर आपल्याला सांगावयाचें आहे.

मग मरण मागणाऱ्यास उत्तर काय द्यावें? सिस्टर आंद्रे ह्यांच्या अखेरच्या आठवड्यांत त्यांच्याच देशांत हा प्रश्न सार्वजनिक चर्चेस आला होता. डिसेंबर २०२२ मध्यें फ्रान्समध्यें चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नागरिकांची एक परिषद भरली. आयुष्याच्या अखेरीस मरणासाठीं साहाय्य मागण्याचा अधिकार असावा कीं नसावा, हा तिच्यापुढील विषय होता. एप्रिल २०२३ पर्यंत चाललेल्या ह्या परिषदेंतील १८४ नागरिकांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश लोकांनीं अशा साहाय्यास कायद्यांत जागा असावी असा कौल दिला. त्या वादांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु त्याच्या अनुषंगानें एक भेद करणें अवश्य आहे. असह्य वेदनेनें मरण मागणारा एक असतो, आणि आपण निरुपयोगी झालों, आपला भार होतो, म्हणून मागणारा दुसरा असतो. पहिल्याच्या मागणीला त्याचें शरीर साक्ष देतें. तिच्यापुढें वैद्यानें, धर्मानें व कायद्यानें नम्रपणें विचार केला पाहिजे. दुसऱ्याच्या मागणीची साक्ष मात्र आपण दिलेली असते. ‘तुम्हीं आतां काय करतां?’ ह्या आपल्या साध्या प्रश्नांतून, खोलींत शिरल्यावर म्हाताऱ्याशीं न बोलतां त्याच्याविषयीं बोलण्याच्या आपल्या संवयींतून, ‘अजून आहेत का?’ ह्या आपल्या चौकशींतून तो तें शिकलेला असतो. जें आपणच शिकविलें, तें त्याचें स्वतंत्र मत म्हणून मान्य करणें, ही उदारता खोटी आहे.

दीर्घायुष्य शाप केव्हां होतें, हें महाभारतकारांस पक्कें ठाऊक होतें. अश्वत्थाम्यास चिरंजीवांत गणतात, परंतु सौप्तिकपर्वांत श्रीकृष्णानें त्याला दिलेल्या शापांत तीन हजार वर्षें हा केवळ आंकडा आहे. शापाचा खरा भार पुढच्या शब्दांवर आहे: तो एकटा भटकेल, त्याला सोबती मिळणार नाहीं, कोणाशीं त्याचें बोलणें होणार नाहीं. रक्तपुवाच्या दुर्गंधीमुळें माणसांच्या वस्तींत त्याला जागा उरणार नाहीं. ही तीन हजार वर्षें काढून टाकून तेथें तीनच वर्षें घातलीं तरी शापाची दाहकता कमी होत नाहीं. आणि उलट, जखम तीच ठेवून तिच्यावर रोज एक हात फिरणार असता, तर त्याला शाप म्हणणें कठीण गेलें असतें. आयुष्याची लांबी ही स्वतः वरही नव्हे व शापही नव्हे. ती कोणाच्या संगतींत काढावी लागते त्यावर तिचें नांव ठरतें. सिस्टर आंद्रे ह्यांचे भाऊ गेले, पिढी गेली, ज्यांना त्यांनीं लहानपणीं न्हाऊं घातलें त्यांच्यांतलेही बहुतेक गेले असतील. आपल्या भावाला जाऊन भेटावें ही त्यांची शेवटची ओढ होती. तरीही त्या अश्वत्थाम्याप्रमाणें वस्तीबाहेर राहिल्या नाहींत. सकाळीं कोणी त्यांना उठवीत होतें, प्रार्थनामंदिराकडे खुर्ची ढकलीत होतें, चॉकोलेट आणून देत होतें. मरणाची इच्छा आणि जगण्यांतली ती छोटीशी रुचि, ह्या दोन्हीं गोष्टी एकाच मनांत नांदत होत्या, आणि त्यांतली एक खरी व दुसरी खोटी असें मानण्याचें कारण नाहीं.

‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ ह्या संघाची एक प्रथा ह्या संदर्भांत फार बोलकी आहे. इतर पुष्कळ संघांतील जोगिणी आजन्म व्रत घेतात. ह्या भगिनींचीं व्रतें मात्र एका वर्षाचीं असतात. तीं दर वर्षीं, बहुधा २५ मार्चच्या सणाच्या सुमारास, पुन्हां घ्यावयाचीं असतात. ‘मी जन्मभर सेवा करीन’ असें एकदांच म्हणून मोकळें होतां येत नाहीं; येणारें एक वर्ष तेवढें देऊं करावयाचें, आणि तें संपलें कीं पुन्हां विचारावयाचें. एकशे अठरा वर्षें एकदम उचलण्याचें सामर्थ्य कोणाच्याही अंगीं नसतें. त्यांच्याकडे मागें वळून पाहणारा जग, त्यांची बेरीज करणारा वृत्तपत्रकार, ह्यांनाच तीं एकदम दिसतात. जगणाऱ्याच्या पुढें नेहमीं एकच वर्ष असतें, अखेरीस तर एकच दिवस असतो. ज्या वर्षीं हात चालत नाहींत त्या वर्षाला व्रत म्हणून काय द्यावयाचें? फार थोडें: आपल्याला उठविणाऱ्यास उठवूं देणें, एवढेंच. पण मागील वर्षांच्या तुलनेनें तें थोडें असलें तरी त्या वर्षाजवळ असलेलें तें सर्व असतें.

ह्यावरून सिस्टर आंद्रे ह्यांस तीं शेवटचीं वर्षें गोड झालीं, असें सुचवावयाचें नाहीं. त्यांनीं तीं नको म्हणून सांगितलें होतें, आणि त्यांचा शब्द आपण खरा मानला पाहिजे. त्यांच्यापुढें येऊन रहस्य विचारणारे लोक त्यांच्या वयाच्या आंकड्याला भेटावयास आले होते. ज्यांनीं त्यांचें पांघरूण नीट केलें त्यांना आंकड्याशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. ‘शतायुषी हो’ म्हणणाऱ्यानेंही हें ध्यानांत ठेवावें. त्या आशीर्वादांत एक वचन गुंतलेलें आहे, व तें देवाच्या वतीनें दिलेलें नाहीं. तूं शंभर वर्षांचा झालास, तुझे हात थांबले, तुझे डोळे गेले, तरी तुझ्या खोलींत कोणीतरी येत राहील, हें तें वचन होय. तें पाळण्याची तयारी नसेल तर आशीर्वाद देतांना आंकडा जरा कमी सांगावा.